कथाकाराचा सूर : शोध, सिद्धी आणि सवय

१

मराठी कथा-कादंबरीच्या समीक्षेत काही विधाने इतक्या वेळा केली जातात की त्यांचा अर्थ तपासून पाहण्याची गरज कोणास वाटेनाशी होते. 'या लेखकाला स्वतःचा सूर सापडला आहे' हे त्यांपैकीच एक विधान होय. नव्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत ते आढळते, परीक्षणात आढळते, आणि पदव्युत्तर परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तर हटकून आढळते. परंतु सूर सापडला म्हणजे नेमके काय झाले, तो कोठे होता, आणि सापडल्यानंतर लेखकाने त्याचे काय करावयाचे, या प्रश्नांकडे आपण क्वचितच वळतो. प्रस्तुत लेखात मराठीतील काही प्रसिद्ध कृतींच्या आधारे या प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्वतंत्र सूर म्हणजे चटकन ओळखू येणारी शैली, असे आपण बहुधा धरून चालतो. वर्गात एक प्रयोग सहज करता येईल. चार लेखकांचे चार उतारे नावे झाकून विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत. जी. ए. कुलकर्णी दोन वाक्यांत ओळखले जातील, 'कोसला'चा उतारा त्याहूनही लवकर ओळखला जाईल. व्यंकटेश माडगूळकरांचा एखादा परिच्छेद मात्र ओळखावयास वेळ लागेल, कारण त्यात ठळक खूण अशी फारशी नसते. तेवढ्यावरून माडगूळकरांना स्वतःचा सूर नाही असे कोणी म्हणेल काय? शिवाय ज्या खुणांनी लेखक ओळखला जातो त्या खुणा उचलणे हेच सर्वांत सोपे असते. 'कोसला' १९६३ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे दोन शब्द पेरून आपण त्या वाटेने चाललो आहोत असे मानणारे लेखन मराठीत पुष्कळ झाले. जी वस्तू दोन शब्दांच्या उसनवारीने मिळते ती सूर नव्हे, सुराची फार तर बाह्य खूण होय.

सूर हा शब्द आपण संगीतातून घेतला आहे, तेव्हा संगीताकडेच पाहणे उपयोगाचे ठरेल. गवई मैफलीस बसतो तेव्हा आधी तानपुरे लावून घेतो. आपला षड्ज कोणत्या पट्टीत आहे हे त्याला ठाऊक असावे लागते. ती पट्टी उसनी घेतली तर तालीम कितीही झालेली असो, वरचा षड्ज तरी गाठता येत नाही किंवा खर्जात आवाज तरी बुडतो. ताना, मुरक्या, हरकती यांना श्रोते दाद देतात. पट्टीला कोणी दाद देत नाही, पण सारे गाणे तिच्यावर उभे असते. कथाकाराच्या बाबतीत या पट्टीची जागा तीन निर्णय घेतात. कथा कोण सांगतो, ती कोणाला सांगतो, आणि सांगताना काय सांगावयाचे नाकारतो. प्रतिमा, वाक्यरचना, बोलीचा वापर, उपरोध ही सर्व अंगे या निर्णयांच्या मागून येतात. हे निर्णय घेण्याचे टाळून जो थेट अंगांच्या मागे लागतो त्याच्या हाती नक्कल येते.

२

हा विचार पडताळून पाहण्यासाठी मराठीत एक फार सोयीचा पुरावा उपलब्ध आहे. बाबा पदमनजी यांचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली प्रसिद्ध झाले. हरी नारायण आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' या त्यांच्या साप्ताहिकातून क्रमशः येऊ लागली आणि १८९३ मध्ये ग्रंथरूप झाली. दोन्ही कृतींच्या नायिकेचे नाव यमुना. दोन्हींचा विषय हिंदू विधवेची दुःस्थिती. दोन्ही लेखक पुरुष, दोघेही सुधारणेच्या बाजूचे. विषय, हेतू आणि नायिकेचे नावही सारखे असताना जो फरक उरतो तो कशाचा, हे पाहण्यास याहून चांगली जोडी मिळणे कठीण.

'यमुनापर्यटन'मध्ये यमुना आपल्या पतीबरोबर प्रवास करते, ठिकठिकाणी विधवांच्या हकीकती तिच्या कानी पडतात, त्यांवर संवाद होतात. ग्रंथाचे ऐतिहासिक महत्त्व वादातीत आहे. तथापि त्यातील कोणीही बोलू लागले की काही वेळाने बोलणाऱ्याचा आवाज मावळतो आणि ग्रंथकर्त्याचा ऐकू येऊ लागतो. दुःख विधवेचे असते, युक्तिवाद पदमनजींचा असतो. हा दोष प्रामाणिकपणाच्या अभावातून आलेला नाही. सांगणारा कोण हा निर्णयच येथे झालेला नाही; मत ठरलेले आहे, मुख ठरलेले नाही.

हरिभाऊंनी हा निर्णय घेतला. त्यांनी सारी कथा यमूच्या तोंडी दिली. आत्मचरित्राचे हे रूप केवळ सोयीचे म्हणून स्वीकारले असते तर यमूच्या नावाने हरिभाऊच बोलले असते. तसे घडले नाही, याचे कारण त्यांनी या रूपाबरोबर येणारी बंधनेही पत्करली. यमूला जे ठाऊक असणे शक्य नाही ते तिने सांगावयाचे नाही. मोठ्या माणसांचे बोलणे तिला दारापलीकडून ऐकू येईल, अर्धवट ऐकू येईल, आणि त्या वेळी त्याचा अर्थही कळणार नाही. लहानपणाची हकीकत लहान मुलीच्या नजरेने यावयाची, पण सांगणारी मात्र सारे भोगून चुकलेली स्त्री असावयाची. या दोन वयांमधील अंतर हाच त्या कादंबरीचा खरा सूर आहे. मूल हसते त्या ठिकाणी वाचकाला धास्ती वाटते, ती या अंतरामुळे.

कोणाला सांगावयाचे, हा दुसरा निर्णय तर शीर्षकातच आहे. ते शीर्षक प्रश्नरूप आहे आणि तो प्रश्न ऐकणाऱ्याला उद्देशून आहे. संमतिवयाच्या विधेयकावरून महाराष्ट्रात रणे माजली होती. १८९१ साली त्याचा कायदा झाला. सभांतून आणि वृत्तपत्रांतून स्त्रियांविषयी सर्व बाजूंनी बोलले जात होते, आणि बोलणारे बहुतेक पुरुष होते. स्त्रिया मुळीच बोलल्या नव्हत्या असे नाही. ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ मध्येच लिहिली होती. पण त्या बोलण्याकडे लक्ष कोणी दिले? हरिभाऊंच्या शीर्षकातील प्रश्न त्या काळाच्या वादसभेतील ही रिकामी जागा अचूक दाखवितो. यमू वाद घालीत नाही. घरात काय घडले एवढेच ती सांगते आणि लक्ष देण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर सोडते.

यातून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. 'स्वतःचा सूर' सापडणे म्हणजे लेखकाने स्वतःविषयी बोलणे असा अर्थ असता, तर मराठी कादंबरीतील हा पहिला समर्थ सूर एका पुरुषाने एका स्त्रीच्या तोंडी घातलेला असा न निघता. त्याच हरिभाऊंच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांत निवेदक वाचकाला मध्येच थांबवितो, भाष्य करतो, पुढच्या प्रकरणाची उत्कंठा लावतो. लेखक तोच, पण तेथे त्याला कोणतीच गोष्ट नाकारावी लागत नाही, म्हणून आवाज सैल पडतो. यमूने त्यांच्यावर जी बंधने घातली तीच त्यांच्या कामी आली.

३

हरिभाऊंच्या नंतर सुमारे चाळीस वर्षांनी याच्या नेमकी उलट घटना घडली. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने प्रसिद्ध झाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या किंवा न झालेल्या तरुण स्त्रियांच्या मनातील घालमेल त्यात इतक्या उघडपणे आली होती की ही विभावरी कोण, यावरूनच मोठे वादळ उठले. ते नाव घेणाऱ्या लेखिका म्हणजे मालतीबाई बेडेकर. पुरुषाला स्त्रीचा आवाज घेऊन बोलता आले. स्त्रीला मात्र स्त्री म्हणून बोलण्यासाठी स्वतःचे नाव बाजूला ठेवावे लागले. या विपर्यासाचा विचार समीक्षेने समाजशास्त्राच्या खात्यावर टाकून मोकळे होऊ नये. टोपणनाव हे येथे संरक्षण होते हे खरेच, पण त्याने लेखनातही एक काम केले आहे. ओळखीच्या माणसांना काय वाटेल या भयातून सुटलेला आवाज त्या कथांतून ऐकू येतो. म्हणजे सांगणारा कोण हा निर्णय कित्येकदा कथेच्या आत होण्यापूर्वी तिच्या बाहेर, मुखपृष्ठावर व्हावा लागतो.

याच लेखिकेची 'बळी' ही कादंबरी १९५० सालची. गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या, तारेच्या कुंपणाआडच्या वसाहतीतील जीवन हा तिचा विषय; तशा वसाहतीत केलेल्या कामाचा अनुभव लेखिकेपाशी होता. 'कळ्यांचे निःश्वास'मधील अंतर्मुख, कबुलीजबाबासारखा आवाज या कादंबरीत चालला नसता. येथे सांगणारीने मागे सरणे आवश्यक होते आणि ती मागे सरली आहे. एका लेखकाचा एकच सूर असतो, ही समजूत या दोन पुस्तकांपुढे टिकत नाही. विषय बदलला की पट्टी पुन्हा लावून घ्यावी लागते. ती लावून घेण्याची तयारी हीच लेखकाच्या स्वत्वाची खूण मानावयास हवी.

४

काय सांगावयाचे नाही, हा जो तिसरा निर्णय, त्याचे उत्तम उदाहरण 'बनगरवाडी' हे होय. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' १९४९ मध्ये आणि 'बनगरवाडी' १९५५ मध्ये ग्रंथरूपाने आली. माणदेशातील धनगरांच्या एका लहानशा वस्तीत शाळामास्तर म्हणून गेलेला एक तरुण ही कथा सांगतो. वस्ती प्रथम त्याला जवळ करीत नाही, मग हळूहळू तो वस्तीचा होतो, तालीम बांधली जाते, कारभारी मरतो, दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. शेवटी मास्तरही जातो.

ही कथा दुसऱ्या एखाद्याच्या हाती पडती तर तिचे काय झाले असते याची कल्पना करणे अवघड नाही. मास्तर सुधारक झाला असता, वाडी मागासलेपणाचे प्रतीक झाली असती, किंवा उलट वाडी निष्पापपणाचे आगर आणि शहर पापाचे माहेर ठरले असते. माडगूळकरांनी मास्तराला वयाने लहान, अनुभवाने कोवळा आणि थोडा बावरलेला ठेवले. तो शिकवावयास आलेला असला तरी पुस्तकभर शिकण्याचे काम बव्हंशी तोच करतो. त्यामुळे त्याच्या नजरेला जे दिसते ते तो सांगतो. त्याचा अर्थ लावण्याची घाई करीत नाही. माणसाची अंगकाठी, मेंढरांची चाल, रानाचा रंग, पावसाची वाट पाहणारे आकाश हे सारे लहान, सरळ वाक्यांत येते. माडगूळकर चित्रकारही होते, ही गोष्ट येथे आठवते. रेखाचित्र काढणाऱ्याला कागदाचा कोरा भाग कोठे राखावयाचा हे ठरवावे लागते. दुष्काळाच्या प्रकरणांत करुणरसाला भरती आणण्याची पुरेपूर संधी असताना लेखकाने ती घेतलेली नाही. वाडी ओस पडते एवढेच कळते. न घेतलेल्या त्या संधीत माडगूळकरांचा सूर आहे, आणि म्हणूनच नाव झाकलेल्या उताऱ्यात तो चटकन सापडत नाही. तो एखाद्या परिच्छेदात राहत नाही. पुस्तकाच्या सबंध चालीत राहतो.

येथे बोलीचा प्रश्न उपस्थित होतो. ग्रामीण किंवा प्रादेशिक कथाकाराचा सूर म्हणजे त्याची बोली, असे समीकरण आपल्याकडे रूढ आहे. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० सालची. तिच्यातील कौतिकच्या तोंडची वऱ्हाडी विसरणे शक्य नाही. परंतु बोली संवादात असते तेव्हा ती पात्राची असते. ती निवेदनाशी कसे नाते जोडते हे पाहिल्याखेरीज तिला लेखकाचा सूर म्हणता येत नाही. प्रमाण भाषेतील निवेदक अवतरणचिन्हांच्या कुंपणात बोली बोलणारी माणसे दाखवू लागला की कित्येकदा प्रदर्शनातील वस्तू दाखविल्यासारखे होते. वाचक आणि निवेदक एका बाजूस, पात्रे दुसऱ्या बाजूस. 'धग'चे यश असे की कौतिकच्या श्रमांकडे, तिच्या हिशोबी शहाणपणाकडे निवेदक वरून पाहत नाही. तिच्या दिवसाला जी गती आहे तीच निवेदनाला आहे. बोली किती वापरली हे मोजण्यापेक्षा निवेदक कुंपणाच्या कोणत्या बाजूस उभा आहे हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

५

१९६३ हे वर्ष या दृष्टीने लक्षणीय आहे. त्या एकाच वर्षी भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' आणि बाबूराव बागुल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती!' हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला. दोन्ही लेखकांचे हे पहिलेच पुस्तक. दोघांनीही प्रतिष्ठित वाङ्मयीन मराठीशी भांडण मांडले. पण त्यांची भांडणाची रीत इतकी भिन्न आहे की सुराचे दोन टोकांचे नमुने म्हणून ती पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत.

'कोसला'चा निवेदक पांडुरंग सांगवीकर खानदेशातील एका खेड्यातून पुण्याला शिकावयास येतो आणि सारे फुकट घालवून परत जातो. त्याला कोणत्याच मोठ्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा नाही. म्हणून प्रत्येक विधान केल्याबरोबर तो त्याची किंमत कमी करून टाकतो. 'वगैरे' हा शब्द त्याच्या तोंडी वारंवार येतो तो याकरिता. विधान पुरे करण्याइतके ते मोलाचे नाही, असे तो सुचवीत असतो. हा उपरोध म्हणजे या निवेदकाचे चिलखत आहे. परंतु धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मृत्यूचे प्रकरण येते तेव्हा ते चिलखत पुरे पडत नाही. शोक आणि संताप त्याला फोडून बाहेर येतात. कादंबरीचा सूर कळावयाचा तर हे प्रकरण उरलेल्या पुस्तकाच्या संदर्भात ऐकले पाहिजे. ज्याला एका ठिकाणी तरी 'वगैरे' म्हणता येत नाही त्याच्याच इतर ठिकाणच्या 'वगैरे'ला अर्थ असतो. अनुकरण करणाऱ्यांनी चिलखत घेतले. त्याच्या आत जखम असावयास हवी हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

बागुलांच्या शीर्षककथेतील 'मी' नोकरीसाठी परमुलखात गेलेला आहे आणि जात लपवून राहत आहे. त्याला उपरोधाचे चिलखत परवडणारे नाही. उपरोध करावयाचा तर आपण सुरक्षित आहोत एवढी खात्री असावी लागते; या 'मी'ला तर प्रत्येक शब्द बोलताना आपण उघडे पडू ही धास्ती आहे. बागुलांची भाषा भडक आहे, अलंकारांनी लादलेली आहे, असा आक्षेप घेता येतो, आणि काही कथांच्या बाबतीत तो साधार आहे. पण या कथेत त्या उंच भाषेला विशेष अर्थ प्राप्त होतो. आपण कोण आहोत हे ज्याला सांगता येत नाही तो आपण माणूस आहोत हे शक्य तितक्या मोठ्या शब्दांत सांगू पाहतो. सुसंस्कृत भाषा हाच त्याचा मुखवटा असतो, आणि तो ओढून काढला जातो तेव्हा वाचकाला त्या भाषेचीही लाज वाटू लागते. शीर्षकातील 'चोरली' हे क्रियापद पाहावे. चोरी करावी लागली ती स्वतःच्याच ओळखीची.

नेमाड्यांचा निवेदक मोठे शब्द नाकारतो, बागुलांचा निवेदक ते हक्काने मागतो. एक ज्या भाषेला कंटाळला आहे ती दुसऱ्याला कधी मिळालेलीच नव्हती. तेव्हा संयम म्हणजे चांगला सूर आणि उद्रेक म्हणजे वाईट, असा सरसकट निकष समीक्षकाने लावू नये. माडगूळकरांचा संयम आणि बागुलांचा उद्रेक या दोन्हींची परीक्षा एकाच प्रश्नाने करावी : सांगणारा ज्या जागी उभा आहे तेथून हा आवाज असाच निघणे अपरिहार्य आहे काय?

६

सूर सापडल्यानंतरचा धोका कोणता, हा प्रश्न उरतो. जे एकदा साधले ते पुनःपुन्हा करण्याचा मोह लेखकाला होतोच, आणि वाचक, प्रकाशक व समीक्षक तिघेही त्याला तो मोह घालीत असतात. सिद्धी आणि सवय यांच्यातील सीमारेषा अशा वेळी पुसट होते.

जी. ए. कुलकर्णी यांचे उदाहरण या संदर्भात बारकाईने पाहण्यासारखे आहे. 'निळासावळा' (१९५९), 'पारवा' (१९६०), 'हिरवे रावे' (१९६२) आणि 'रक्तचंदन' (१९६६) या संग्रहांतील पुष्कळ कथा बेळगाव-धारवाडच्या परिसराशी, घरांशी, नात्यांतील ताणांशी बांधलेल्या आहेत. 'काजळमाया' (१९७२) मधील 'विदूषक'सारख्या कथेपासून आणि पुढे 'रमलखुणा' (१९७५) मधील 'प्रवासी' व 'इस्किलार' या दीर्घकथांतून ते नावगाव नसलेल्या, काळाबाहेरच्या प्रदेशात गेले. माणसाच्या धडपडीकडे फार दुरून पाहणारी नियती त्यांच्या घरगुती कथांतही होती. रूपककथांत तिला मोकळे मैदान मिळाले. निवेदक उभा राहण्याची जागा बदलली आणि तिच्याबरोबर वाक्याची लय, प्रतिमांचे वजन, सारेच बदलले. हा बदल हिंमतीचा होता. पहिल्या चार संग्रहांची लोकप्रियता हाती असताना त्यांनी तो केला.

तरीही एक निरीक्षण नोंदविणे भाग आहे. जी.एं.ची उपमा ही त्यांच्या हाती इतकी वळणावर गेलेली होती की काही ठिकाणी ती वस्तू पाहण्याच्या आधीच तयार असते. वस्तू आणि वाचक यांच्यामध्ये उपमांचा पडदा येतो. वाचक प्रतिमेने दिपतो आणि पात्राला विसरतो. हा दोष त्यांच्या मोठेपणाला बाध आणीत नाही, पण अभ्यासकांनी त्याकडे डोळेझाक करण्याचेही कारण नाही. थोर लेखकाच्याही लेखनात सूर कोठे बोलतो आणि सवय कोठे बोलते हे वेगळे करून दाखविणे हेच समीक्षेचे काम होय.

या मोहाला दिलेले दुसरे एक उत्तर नेमाड्यांच्या लेखनात दिसते. 'कोसला'नंतर त्यांची पुढची कादंबरी 'बिढार' १९७५ साली आली. मधल्या बारा वर्षांत पांडुरंग सांगवीकरचा आवाज मराठीत सर्वतोमुखी झाला होता. त्याच आवाजात दुसरी कादंबरी सहज खपली असती. लेखकाने प्रथमपुरुषी निवेदनच सोडले आणि चांगदेव पाटीलची कथा तृतीयपुरुषी सांगितली. कित्येक वाचकांना ती 'कोसला'इतकी चटकदार वाटली नाही. परंतु ज्याची नक्कल दुसरे करीत आहेत त्याचीच नक्कल स्वतः करावयाची नाही, हा विवेक त्या निर्णयात होता.

७

मग सूर शिकविता येतो काय? ना. सी. फडके यांनी 'प्रतिभासाधन' १९३१ मध्ये लिहिले आणि कथालेखनाच्या तंत्राची पद्धतशीर मांडणी केली. पुढे नवकथेच्या काळात गंगाधर गाडगीळ आणि त्यांचे समकालीन यांच्या लेखनाने तंत्राच्या त्या चौकटी मोडल्या, आणि तेव्हापासून तंत्र हा शब्दच काहीसा अपमानास्पद झाला. हे फडक्यांवर अन्याय करणारे आहे. सुरुवात कोठे करावी, प्रसंग कसा रचावा, संवाद कोठे तोडावा या गोष्टी शिकविता येतात आणि शिकाव्या लागतात. तालमीवाचून गवई होत नाही. शिष्य प्रथम गुरूची नक्कलच करतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. फडक्यांच्या मांडणीची मर्यादा वेगळ्या ठिकाणी आहे. लेखकाची पट्टी ठरलेली आहे असे गृहीत धरून ती पुढचा विचार करते. सुशिक्षित, शहरी, सफाईदार मराठी बोलणारा निवेदक तेथे इतका स्वाभाविक मानलेला आहे की सांगणारा कोण हा प्रश्नच उद्भवत नाही.

आपल्या विभागांतही हेच गृहीत आज वेगळ्या रूपाने नांदते, म्हणून हा विषय केवळ इतिहासाचा नाही. खेड्यांतून, वाड्यावस्त्यांतून, नगरांच्या उपवस्त्यांतून आलेले विद्यार्थी आज पदव्युत्तर वर्गांत मोठ्या संख्येने बसतात. त्यांपैकी अनेक जण कथा लिहितात. निबंधात ते एक भाषा वापरतात, घरी दुसरी बोलतात, आणि कथा लिहावयास बसले की तिसरीच, कोणा नामवंत लेखकाकडून उसनी घेतलेली भाषा त्यांच्या लेखणीतून उतरते. आपण अध्यापक त्यांना 'स्वतःचा सूर शोधा' असा उपदेश करतो आणि त्यांनी घरची भाषा निवेदनात आणली की 'प्रमाण लेखन करा' असा शेरा मारतो. या दोन आज्ञा एकाच वेळी पाळणे कोणासही शक्य नाही. तेव्हा विद्यार्थी सुटकेचा मार्ग काढतो : प्रमाण भाषेत उपमा घालतो, किंवा संवादापुरती बोली ठेवतो, आणि आपला सूर सापडला असे मानतो. या अपयशाचा अर्धा वाटा आपला आहे, हे कबूल केले पाहिजे.

उपदेशाऐवजी प्रश्न विचारणे अधिक उपयोगी पडेल. तुझी ही गोष्ट कोण सांगतो आहे? त्याला काय ठाऊक नाही? तो ती कोणाला सांगतो, आणि ऐकणारा त्याच्यावर विश्वास ठेवील अशी त्याला खात्री आहे काय? कोणती गोष्ट सांगण्याचा मोह तुला होतो आहे आणि ती न सांगितल्यास कथेचे काय होईल? या प्रश्नांची उत्तरे देता देता ज्या अडचणी येतात त्यांतच लेखकाचा आवाज घडतो. यमूची वाणी हरिभाऊंना अशा अडचणींतूनच मिळाली.

संशोधकांसाठीही यात एक सूचना आहे. 'अमक्याची भाषाशैली' या नावाने प्रबंधात एक प्रकरण हमखास असते. त्यात उपमा-उत्प्रेक्षांची, म्हणी-वाक्प्रचारांची, बोलीतील शब्दांची यादी दिली जाते. यादी करावी, पण ती सुराच्या अभ्यासाची सामग्री होय, अभ्यास नव्हे. ते प्रकरण निवेदकाच्या जागेपासून सुरू करून पाहावे. यादीतील कित्येक नोंदींना तेव्हा प्रथमच अर्थ येईल, आणि कित्येक गाळून टाकाव्याशा वाटतील.

'पण लक्षात कोण घेतो?' हा प्रश्न विचारला जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. कथाकाराने आपली पट्टी कितीही अचूक लावली तरी समोर ऐकणारा हवा, हे त्या प्रश्नात हरिभाऊंनी सांगून ठेवले आहे. ऐकण्याचे ते काम समीक्षकाचे आणि अध्यापकाचे आहे. नव्या लेखकाला स्वतःचा सूर आहे की नाही हे ठरविण्यापूर्वी, तो ऐकू येईल असे कान आपण तयार ठेवले आहेत की नाहीत, हे आपण तपासून पाहिलेले बरे.